विंडोजचा परवाना: ओईएम, रिटेल आणि मदरबोर्डाचा वाद

यंत्र जोडून घेताना मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची ओईएम प्रत (यंत्र बनवणाऱ्यांसाठीची, नव्या यंत्रासोबत विकायची) घ्यावी की रिटेल (दुकानात सुटी मिळणारी), हा प्रश्न आजही विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा किमतीत मिळते: ओईएम स्वस्त, रिटेल महाग. विंडोज एक्सपीपासून विंडोज 7 पर्यंतच्या काळात ओईएम प्रत रिटेलच्या निम्म्याच्या आसपास मिळे. आतले सॉफ्टवेअर तेच, अपडेटही तेच. फरक होता प्रत एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या हक्कात. हा हक्क एकविसाव्या शतकात इतक्यांदा आखडला आणि सैल झाला की 2003 साली बरोबर असलेला सल्ला 2013 साली निरुपयोगी ठरला होता. तरीही तोच सल्ला अजून दिला जातो.

मुळाशी डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या, काळातले घाऊक करार आहेत. तेव्हा कंपनीचा संगणक बनवणाऱ्यांशी ‘प्रोसेसरमागे’ दर ठरे. यंत्रावर डॉस भरा किंवा भरू नका, कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे. 1994 मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत सोडावी लागली, पण तोवर यंत्रासोबत विंडोज येणारच हे गृहीत धरले जाऊ लागले होते. 1999 च्या फेब्रुवारीत लिनक्स ही पर्यायी मोफत प्रणाली वापरणाऱ्यांनी ‘न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत द्या’ म्हणून अमेरिकेत निदर्शने केली, ती याच गृहीतकाविरुद्ध होती.

गुंता खरा वाढला तो 2001 च्या ऑक्टोबरात, एक्सपीबरोबर. त्याआधी प्रतीसोबतची की, म्हणजे अक्षर-अंकांचा क्रमांक, टाकली की काम भागत असे. एक्सपीने सामान्य ग्राहकावर अ‍ॅक्टिवेशन लादले: तीस दिवसांत इंटरनेटवरून किंवा फोन करून प्रत नोंदवायची, नाहीतर यंत्र आत येऊ देत नाही. नोंदवताना यंत्रातल्या दहा घटकांवरून एक ठसा तयार होई. त्यात ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क, मेमरीचा आकार वगैरे गोष्टी येत. बरेच घटक एकदम बदलले की पुन्हा अ‍ॅक्टिवेशन. मोठ्या कार्यालयांना अनेक यंत्रांसाठी मिळून दिलेल्या एकाच व्हॉल्यूम कीला मात्र या कटकटीतून सूट होती. परिणाम व्हायचा तोच झाला. एक्सपी दुकानात येण्याआधीच अशी एक की फुटली आणि जगभरच्या कॉपी केलेल्या सीडींवर तीच लिहिली गेली.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड यंत्र बांधून घेणाऱ्याला तेव्हा पर्याय मुख्यतः तीन. रिटेल बॉक्स, जो दुकानदार आपणहून दाखवत नसे. ओईएम पाकीट, जे ‘हार्डवेअरसोबतच’ विकायचे असा नियम होता. पण बिलात एखादी केबल किंवा मेमरीची पट्टी दिसली की तो नियम पाळला गेल्यासारखे होई. आणि तिसरा पर्याय, त्याबद्दल बिलात काहीच नसे. परवान्याचे प्रकार समजून घेण्याची गरज आपल्याकडे बहुतेकांना उशिरा पडली, त्याचे कारण या तिसऱ्या पर्यायात आहे.

ज्यांनी ओईएम पाकीट प्रामाणिकपणे घेतले, त्यांच्यापुढे पुढे एक प्रश्न उभा राहिला. परवान्यात लिहिले होते की ही प्रत ज्या संगणकासोबत आली त्याच्याशीच जोडलेली आहे, दुसऱ्यावर नेता येणार नाही. ठीक. पण ‘तोच संगणक’ म्हणजे कोणता? हार्ड डिस्क बदलली तर तोच? मेमरी, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट, पॉवर सप्लाय बदलले तर? यंत्र जोडून घेणारा माणूस तीन-चार वर्षांत एकेक भाग बदलतच जातो, आणि त्याच्या लेखी ते यंत्र एकच असते.

कंपनीने उत्तर दिले, पण परवान्यात नाही. यंत्र जोडणाऱ्या व्यावसायिकांसाठी जी प्रश्नोत्तरे काढली जात, त्यांत ते आले: मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) सोडून काहीही बदला, यंत्र तेच, मदरबोर्ड बदलला की ते नवे यंत्र, त्याला नवा परवाना. बोर्ड बिघडल्यामुळे बदलला असेल तर सूट, तीही त्याच मॉडेलचा किंवा निर्मात्याने समतुल्य ठरवलेला बोर्ड टाकला तर. वेगवान बोर्ड हवा म्हणून बदलला तर सूट नाही. यामागे दिलेले कारण असे, की ओईएम परवाना हा यंत्र जोडणारा आणि ग्राहक यांच्यातला करार आहे. सॉफ्टवेअरची मदत त्या जोडणाऱ्यानेच द्यायची असते, आणि त्याने न पाहिलेल्या यंत्राची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. रेषा कुठेतरी आखायला हवी होती, ती मदरबोर्डावर आखली.

युक्तिवाद वरकरणी समजूतदार आहे. मात्र ग्राहक ज्या करारावर ‘मान्य’ म्हणतो त्यात मदरबोर्ड हा शब्दच नव्हता. करारातल्या कळीच्या कल्पनेचा अर्थ विक्रेत्यांसाठीच्या माहितीपत्रकातून ठरावा, आणि तो ग्राहकाला बोर्ड बदलल्यावर कळावा, हे कसे काय? शिवाय अ‍ॅक्टिवेशनच्या त्या दहा घटकांच्या यादीत मदरबोर्ड स्वतंत्रपणे नव्हताच. नियम एक सांगत होता, मोजमाप दुसऱ्याच गोष्टींचे चालले होते. म्हणूनच बोर्ड बदललेल्या अनेकांना फोनवर कारण विचारून नवा कोड सहज मिळे. नियम कागदावर कडक राहिला, व्यवहारात तो फोनवरच्या संभाषणावर ठरत राहिला. ज्याला ‘बोर्ड जळाला’ म्हणायचे सुचले त्याचे भागले. ज्याने खरे ते सांगितले, त्याला नवी प्रत घ्यायचा सल्ला.

2005 च्या फेब्रुवारीअखेर मोठ्या ब्रँडच्या यंत्रांवरच्या स्टिकरमधल्या कींचे इंटरनेटवरून अ‍ॅक्टिवेशन बंद झाले. त्या कारखान्यात भरलेल्या प्रती बायोसमधल्या (मदरबोर्डावरच्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) खुणेवरून चालत, स्टिकरवरची की प्रत्यक्षात वापरलेली नसे. त्यामुळे जुन्या यंत्राची स्टिकर उतरवून की विकण्याचा धंदा तेजीत होता. त्यावरचा हा उपाय. रीतसर मालकालाही आता फोन करावा लागे.

रिटेलची बाजू तोवर सुरक्षित समजली जाई: जास्त पैसे मोजा, हवे त्या यंत्रावर न्या, फक्त जुन्यावरून काढून टाका. 2006 च्या ऑक्टोबरात एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाच्या परवान्याचा मसुदा बाहेर आला आणि त्यात रिटेल प्रतही एकदाच दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असे निघाले. दुप्पट किंमत ज्या एका हक्कासाठी मोजायची तोच कापला जात होता. यंत्रे जोडणाऱ्या हौशी लोकांनी मोठा आरडाओरडा केला आणि महिन्याभरातच, नोव्हेंबरात, कलम बदलून मर्यादा काढली गेली. या साऱ्या इतिहासात ग्राहकांच्या ओरडण्याने परवान्याची भाषा इतक्या लवकर बदलल्याचे दुसरे ठळक उदाहरण नाही. ओईएमच्या मदरबोर्ड नियमाबाबत तसे झाले नाही, कारण स्वस्तात घेतलेल्याच्या तक्रारीला वजन मिळत नाही.

व्हॉल्यूम परवान्याचे प्रकरण वेगळे, आणि लहान कार्यालये त्यात फसली. हा परवाना डेस्कटॉप विंडोजसाठी केवळ अपग्रेडचा असतो. खाली आधीच ओईएम किंवा रिटेल विंडोज असायला हवे. आपल्याकडे पैसे वाचवण्यासाठी डॉसवाली, म्हणजे विंडोज नसलेली, यंत्रे घ्यायची आणि वर व्हॉल्यूम परवाना चढवायचा, असा मार्ग अनेकांनी धरला. कागदोपत्री तो अपुरा होता. अशांना नियमित करून घेण्यासाठी कंपनीला वेगळा करार काढावा लागला. व्हिस्टापासून व्हॉल्यूमलाही अ‍ॅक्टिवेशन आले: कार्यालयातल्याच सर्व्हरकडे दर 180 दिवसांच्या आत हजेरी, आणि त्या सर्व्हरला निदान 25 यंत्रे दिसायला हवीत.

न्यायालये या भांडणात आली ती वेगळ्या दाराने. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2000 सालीच सांगितले होते की एकदा बाजारात विकलेली ओईएम प्रत यंत्राविना पुढे विकण्यास मूळ कंपनी हरकत घेऊ शकत नाही. 2012 मध्ये युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने कायमस्वरूपी परवान्याने दिलेल्या, अगदी डाउनलोड केलेल्या प्रतीही पुन्हा विकता येतात असे ठरवले. गठ्ठ्याने घेतलेला परवाना फोडून विकायला मात्र नकार दिला. अमेरिकेत 2010 सालच्या एका अपील निकालाचा कल उलट: ग्राहक परवानाधारक आहे, मालक नाही. भारतात हा प्रश्न करांच्या वादातून पुढे आला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ मानला. 2021 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की वापरासाठी परदेशातून घेतलेल्या अशा सॉफ्टवेअरचे पैसे म्हणजे रॉयल्टी नव्हे, कारण ग्राहकाला कॉपीराइट मिळत नाही, प्रत मिळते. प्रत ग्राहकाची असेल तर ती मदरबोर्डाला कशी बांधता येते, हे कोणी थेट विचारलेले नाही.

2012 च्या विंडोज 8 ने स्टिकरवरची की घालवली. ब्रँडेड यंत्रात की थेट मदरबोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डातच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) बसू लागली, प्रत्येक यंत्राची वेगळी. माहितीपत्रकातला नियम अशा रीतीने सोल्डरने पक्का झाला. त्याच वेळी स्वतःचे यंत्र जोडणाऱ्याला ओईएम प्रत स्वतःसाठी रीतसर घेण्याची मुभाही दिली गेली; ती फार काळ टिकली नाही. 2015 च्या विंडोज 10 पासून पाकिटाऐवजी ‘डिजिटल परवाना’ आला, आणि 2016 च्या उन्हाळी आवृत्तीपासून तो ऑनलाइन खात्याशी जोडता येऊ लागला. हार्डवेअर बदलले असे खात्यातून सांगायचे आणि पुन्हा अ‍ॅक्टिवेट करायचे, हा फोनचा पर्याय झाला. ओईएम प्रतीच्या अटी मात्र बदलल्या नाहीत: यंत्र दिले तरच परवाना जातो.

विंडोज 7 च्या ओईएम कीने 10 किंवा 11 चालू करण्याची पळवाट 2023 च्या सप्टेंबरात बंद केली गेली. काही शे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या की बहुधा फोडलेल्या व्हॉल्यूम करारांतल्या किंवा भंगारात गेलेल्या यंत्रांच्या असतात, त्या चालतात तोवर चालतात. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप किंवा सोय लागते, जे जुन्या बोर्डांवर नसते. त्यामुळे दहा वर्षे जुन्या असेंबल्ड यंत्रात ओईएम प्रत असणाऱ्याला नव्या विंडोजसाठी बोर्ड बदलावा लागतो, आणि बोर्ड बदलला की कराराच्या हिशोबाने त्याचा परवाना जुन्या बोर्डासोबतच संपतो.