नाविकांचा उठाव, १९४६ : खानदेशातून पाहताना

फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या उठावाचा विचार खानदेशात करायचा तर १९४२ पासून आरंभ करावा लागतो. त्या ऑगस्टमध्ये नेते गजाआड गेले आणि ‘थांबा’ म्हणणारे कोणी उरले नाही. ९ सप्टेंबरला नंदुरबारात शाळकरी मुले गोळीबारात पडली, तर १९४४ मध्ये चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. १९४६ मध्ये मात्र नेते बाहेर होते आणि सत्तेची बोलणी दृष्टिपथात आली होती. पुढच्या वादाचे मूळ या फरकात आहे.

१८ फेब्रुवारीला मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची वर्णद्वेषी शिवीगाळ यांविरुद्ध काम थांबवले. आझाद हिंद फौजेवरील खटल्यांनी वातावरण आधीच तापले असल्याने, त्या कैद्यांच्या सुटकेची मागणीही लगेच पुढे आली. कराचीपर्यंत ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नाविक उठावात उतरले. २२ तारखेला मुंबईचे कामगार रस्त्यावर आले आणि शहरातील गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसे मेली.

वाद आहे तो २३ तारखेच्या शरणागतीचा. काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही मोठ्या पक्षांच्या वरिष्ठांनी शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि सूडाची कारवाई होऊ देणार नाही, असा दिलासा दिला. उद्या आपल्याच हाती येणाऱ्या सैन्यात शिस्तभंगाचा पायंडा नको, हा त्यामागचा हिशेब होता, आणि नौदलच नष्ट करण्याची धमकी नौदलाच्या ब्रिटिश प्रमुखाने दिलेली असताना तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र दिलासा पाळला गेला नाही. शेकडो नाविक बडतर्फ झाले, स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही, आणि त्याच नौदलाच्या चित्ररथावर हा उठाव दिसायला २०२२ चा प्रजासत्ताक दिन उजाडावा लागला. सल्ला समजून घेता येतो. त्यानंतरचे मौन समजून घेणे अवघड आहे.

ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ पाठवण्याची घोषणा १९ फेब्रुवारीची असली, तरी तो निर्णय जानेवारीतच झाला होता. ते उठावाचे फळ ठरत नाही. हिंदी सैनिकांच्या भरवशावर राज्य चालवता येईल, हा विश्वास मात्र त्या महिन्यात ढासळला, कारण महिना संपण्यापूर्वीच मुंबईहून भुसावळमार्गे जाणाऱ्या लोहमार्गावरील जबलपुरात भूदलाच्या संदेशवहन विभागातील जवानांनीही काम थांबवले.