पार्श्वभूमी: गाण्याची मशीन मिळेल हो, गाणे कोण भरून देईल?

10 मे 2022 ला ॲपलने सांगून टाकलं की आयपॉड टच आता बनवणार नाही, दुकानात जे पडून आहेत ते संपले की विषय संपला. मग पुण्यामुंबईच्या लोकांनी ड्रॉवरमधून जुने आयपॉड काढून फोटो टाकले, हळहळ वगैरे झाली. आमच्या इकडे विदर्भात, त्यातही तालुक्याच्या गावाच्या पलीकडं, कोणाला काही फरक पडला नाही कारण आयपॉड इकडं आलाच नव्हता. पण म्हणून नुसती गाणे ऐकायची मशीन इकडं नव्हती असं नाही ना भाऊ. होती, आजही आहे, हे लिहून राहिलो तेव्हाही कुठल्यातरी वावरात धुऱ्यावरच्या झाडाला लटकून वाजून राहिली असेल. आता परत चर्चा चालू झाली आहे की फोन असताना अशा वेगळ्या मशीनचं पुढं काय, म्हणून थोडं मागचं लिहून ठेवतो. माझं म्हणणं एवढंच की मशीन सहसा मशीनमुळं मरत नाही, तिच्यात गाणे जिथून येतात तो रस्ता बंद झाला की मरते.

सुरुवात सगळे वॉकमनपासून करतात तर आपणही करू. 1 जुलै 1979 ला सोनीने जपानात टीपीएस-एल2 नावाचा पहिला वॉकमन काढला, किंमत 33,000 येन, रेकॉर्डिंग नाही, स्पीकर नाही, फक्त कॅसेट टाका आणि कानाला लावा. त्याला हेडफोनचे दोन जॅक होते कारण सोनीचे अकिओ मोरिता यांना वाटलं की एकट्यानं गाणे ऐकत बसणं हे बाजूच्या माणसाला बरं वाटणार नाही, दोघांनी ऐकावं. पुढं लोकांनी एकट्यानंच ऐकलं आणि दुसरा जॅक गेला. मला ही गोष्ट लय आवडते, कारण आपल्याकडं उलटं झालं, इकडं एकट्यानं ऐकायची सवय लागायलाच पुढची तीसेक वर्षं गेली. कॅसेट तर त्याच्याही आधीची, फिलिप्सने 1963 मध्ये काढलेली, आणि आपल्या गावांत ती पोचली ती टू-इन-वन टेपमधून, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच डब्यात. त्याच्या आधी रेडिओ, त्याला तर पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागायचं, नव्या पोट्ट्यांना सांगितलं तर हसतात. 1948 पासून आकाशवाणी नागपूर आहे, पण रेडिओत काय लागेल ते रेडिओ ठरवणार. कॅसेटनं पहिल्यांदा ते आपल्या हातात दिलं.

ऐंशीच्या दशकात टी-सीरिजच्या गुलशन कुमार यांनी कॅसेटचा भाव एवढा खाली आणला की जुन्या कंपन्यांना समजेचना काय झालं ते. जुनी प्रसिद्ध गाणे नव्या गायकाकडून गाऊन घ्यायची, कायद्यात तशी सवलत होती, आणि पानठेल्यावर सुद्धा विकायची. त्यात चोरून केलेल्या कॉप्यांचा धंदा वेगळाच. हे चांगलं का वाईट यावर भांडण होऊ शकते, पण खेड्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याच्यामुळं लहान लहान लोकांना कॅसेट काढणं परवडायला लागलं. भीमगीतं पहा, विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलच्या बाजूला कॅसेट, नंतर सीडी, माणसं थैल्या भरून घरी न्यायची. तुकडोजी महाराजांची खंजेरीवरची भजनं, गजानन महाराजांच्या आरत्या, दंडारीचे, म्हणजे आमच्या लोकनाट्याचे गाणे, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या नाटकातले गाणे, हे सगळं कोणत्या मोठ्या कंपनीच्या लिस्टमध्ये बसणारं नव्हतं, ते कॅसेटवर बसलं. आणि प्रत्येक तालुक्यात एक रेकॉर्डिंगचं दुकान असायचंच, जिथं कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि पुढच्या बाजाराला भरलेली घेऊन जायची. हे दुकान लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावरच सगळं येते.

तिकडं डिस्कमन आला 1984 ला, मिनीडिस्क आली 1992 ला, ते आपल्याकडं कोणी पाहिलंही नाही, सोडून देऊ.

एमपी3 मात्र सोडता येत नाही. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी आवाज दाबून लहान करायची ही पद्धत घडवली, 1995 मध्ये फाईलला .एमपी3 हे शेपूट ठरलं. मिनिटाला साधारण 1 एमबी, म्हणजे नेटवरून आणता येईल एवढी फाईल. 1998 मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला, मग त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड रिओ आला, 32 एमबीचा, म्हणजे अर्ध्या तासाचे गाणे, पण तेवढ्यावर अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. 1999 मध्ये वरच्या कोर्टानं सांगितलं की आपली घेतलेली गाणे आपल्याच सोयीसाठी दुसऱ्या मशीनमध्ये नेणं यात काही गैर नाही. तो निकाल उलटा गेला असता तर आयपॉड काय, आपला चिपवाला म्हणजे मेमरी कार्डवाला स्पीकर काय, सगळंच अडकलं असतं असं मला वाटते.

23 ऑक्टोबर 2001 ला आयपॉड. 5 जीबी, हजार गाणे खिशात, 399 डॉलर, आत तोशिबाची 1.8 इंचाची बारकी हार्ड डिस्क. 2008 च्या आर्थिक वर्षात ॲपलने 5 कोटी 48 लाखांच्या आसपास आयपॉड विकले, तो कळस होता, त्यानंतर उतार, कारण 2007 मध्ये त्यांनीच आयफोन काढला होता. 2014 मध्ये क्लासिक नावाचा आयपॉड बंद झाला तेव्हा टिम कुक म्हणाले की पार्टच मिळत नाहीत आता. 2017 मध्ये नॅनो आणि शफल हे लहान आयपॉडही गेले. आता आपल्या कामाची गोष्ट ही की ॲपलचं गाणे विकायचं दुकान भारतात चालू झालं डिसेंबर 2012 मध्ये. म्हणजे कितीतरी वर्षं मशीन भारतात विकत मिळत होती पण तिच्यात टाकायचे गाणे तिच्याच कंपनीकडून इथं विकत मिळत नव्हते. मग ज्याच्याकडं कॉम्प्युटर, नेट आणि सीडी कॉपी करायची अक्कल आहे त्याचंच हे काम. खेड्यातला माणूस त्यात कुठून येणार?

खेड्यातला माणूस कुठून आला तर परत त्याच दुकानातून. रेकॉर्डिंगवाल्यानं टेप बाजूला सारून कॉम्प्युटर घेतला, आधी एका सीडीत दीडशे गाणे करून द्यायला लागला, मग 2008-09 पासून चायना मोबाईल आणि नोकियाचे मेमरीवाले फोन आले तसा चिप भरून द्यायला लागला. 'येथे गाणे भरून मिळतील' अशा पाट्या तुम्ही पण पाहिल्या असतील. दहावीस रुपयांत 2 जीबी कार्ड काठोकाठ भरून मिळायचं. काय भरायचं तेही सांगायची गरज नसायची, माणूस पाहूनच तो फोल्डर उघडायचा, म्हातारा दिसला की भजन, निळा दुपट्टा दिसला की भीमगीत, पोट्टे असले की डीजे. कॉपीराईटच्या नजरेनं हे चोरीचंच होतं, त्यात शंका नाही, पण त्या भागात गाणे पोचवायची दुसरी व्यवस्था कोणी उभीच केली नव्हती हेही खरंच.

याच काळात ती मशीन आली जिला मी विदर्भाचा खरा आयपॉड म्हणतो. हाताएवढा चौकोनी स्पीकर, एफएम, पेनड्राईव्हची जागा, कार्डची खाच, आणि मागचं झाकण उघडलं की आत नोकियाची बीएल-5सी बॅटरी. ही बॅटरी म्हणजे लय हुशारीची गोष्ट आहे, कारण ती कोणत्याही मोबाईल दुकानात मिळते, फुगली तर नखानं काढायची आणि दुसरी टाकायची, मेकॅनिक लागत नाही. स्क्रीन नाही किंवा असली तर चार लाल आकडे. आणि हिची एक खोड दुकानवाल्यांना बरोबर माहिती असते: यातल्या बऱ्याच मशीन नावाप्रमाणं गाणे लावत नाहीत, कार्डवर जे आधी कॉपी झालं ते आधी वाजते. म्हणून सकाळी पहिले आरती लागली पाह्यजे असं गिऱ्हाईक म्हणालं की तो कार्ड पूर्ण कोरं करतो, आरती टाकतो, थांबतो, मग भजनं, मग बाकीचं. घरी कोणी हौशी पोट्ट्यानं मधातच चार गाणे घुसवले की सगळा क्रम बिघडते आणि आजी बोंबलते, 'काहून रे, आरतीच्या टायमाला हे काय लावलं?'

कास्तकाराला ही वेगळी मशीन काहून लागते हे शहरातल्या लोकांना लवकर समजत नाही. फोन आहे ना खिशात, त्यात लावा. पण वावरातल्या मोटरीची लाईन बरेचदा रात्रीच येते, ओलित करायला रात्रभर तिथंच राहावं लागते, मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असला तर तो त्याच फोनवर चालते, रात्री कोणाला विंचू-साप लागला तर फोन करायला तोच फोन, त्याची बॅटरी गाण्यात कोण घालवेल? शिवाय वावरात रेंज येईल तर येईल. जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, तर मशीन माणसासाठी कमी आणि रानडुकरासाठी जास्त वाजते, माळ्यावर मोठ्या आवाजात लावून ठेवायची, डुक्कर आणि रोही (नीलगाय) जरा लांब राहतात, निदान पहिले काही दिवस, मग त्यांनाही सवय होऊन जाते. कापूस वेचायला बाया असल्या की एखादीच्या डब्याच्या थैलीत मशीन राह्यते आणि सगळ्या पातींना ऐकू जाते. मोरितांनी ठेवलेला दुसरा जॅक इकडं लागलाच नसता. आणि ट्रॅक्टर तर वेगळा लेख होईल, पेनड्राईव्हवर चालणारी ती सुद्धा नुसती गाण्याचीच मशीन आहे, फक्त तिला मागं नांगर लावता येते.

मग 5 सप्टेंबर 2016, जिओ. फुकट डेटा, मागून पुढच्या वर्षी 1,500 रुपये डिपॉझिटवाला जिओफोन. गाणे भरून देणाऱ्या दुकानांचा धंदा एकदोन वर्षांत बसला, कारण गाणे भरायचं कोणाला पडलं, युट्युबवर सर्च केलं की झालं. त्या दुकानात आज रिचार्ज, कव्हर आणि स्क्रीनगार्ड विकतात, कॉम्प्युटर एक तर विकला किंवा ऑनलाईन फॉर्म भरायला लावला, आणि त्या हार्ड डिस्कमध्ये जे होतं, वीस वर्षांच्या लोकल कॅसेटवरून उतरवलेलं, ते फॉरमॅट मारताना गेलं. कोणी मुद्दाम केलं नाही. जागा कमी पडत होती.

ॲपवाल्यांचा भरवसा किती, तेही दिसलं. रेसो हे गाण्याचं ॲप जानेवारी 2024 मध्ये भारतातून बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलनं विंक हे आपलं गाण्याचं ॲप बंद करायचं जाहीर केलं. ज्यांनी तिथं लिस्ट बनवून ठेवल्या होत्या त्यांनी नवीन जागी परत बनवाव्या. आणि जुलै 2024 मध्ये रिचार्ज महाग झाले तेव्हापासून महिना संपला की फोन मुका, असं घराघरात चालू आहे. चिपला रिचार्ज लागत नाही. सारेगामा या गाण्याच्या कंपनीनं 2017 मध्ये कारवां नावाची मशीन काढली, 5,000 गाणे आतच भरलेले, ती याच कारणानं चालली: भरायची कटकटच नाही, म्हाताऱ्या माणसानं बटन फिरवलं की गाणं. दिसायला जुना रेडिओ, पण अक्कल सगळी 'गाणे कोण भरेल' या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात आहे. अर्थात त्यात कंपनीचेच गाणे, दंडार आणि झाडीपट्टी तुम्ही स्वतः पेनड्राईव्हमध्ये आणा.

वरच्या टोकाला म्हणजे शौकिनांच्या बाजारात अजून मशीन निघतातच. ॲस्टेल अँड कर्ननं 2012 पासून, फिओ आणि इतर चिनी कंपन्यांनी, सोनीनं तर 2016 मध्ये सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा वॉकमन काढला, तीन हजार डॉलरच्या वर. पण ही मंडळी पण दुसऱ्याच्या भरवशावर आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानात नोबेओका इथल्या एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपच मिळेनात, कित्येक प्लेअरचं डिझाईन बदलावं लागलं. बरं, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये आता अँड्रॉइड असते, म्हणजे आवाजाचं सर्किट पंधरा वर्षं टिकेल पण चारपाच वर्षांत ॲप म्हणेल की तुमचं व्हर्जन जुनं झालं. महागाची मशीन त्या मानानं लवकर म्हातारी होते, हे मला गमतीशीर वाटते. उलट जुन्या आयपॉडमधली हार्ड डिस्क काढून तिथं कार्ड बसवणारे, आणि त्याच्यासारखं चाक लावलेले स्वस्त चिनी प्लेअर घेणारे तरुण वाढून राहिले आहेत, त्यांना फोनचे नोटिफिकेशन नको झाले म्हणे. होईल तेवढं चांगलं, पण तो शहरी शौक आहे, तालुक्याच्या बाजारात त्याच्यावर काही ठरणार नाही.

आपल्याकडं काय ठरेल ते दोन गोष्टींवर. पहिली, कार्डची खाच. ब्रँडच्या बऱ्याच स्पीकरला ती नसतेच, सगळं ब्लूटूथ, म्हणजे फोन नसेल तर तो नुसता डबा. चिनी स्पीकरमध्ये ती अजून आहे कारण ब्लूटूथ, एफएम आणि कार्ड हे सगळं एकाच बारक्या सर्किटच्या चिपमध्ये येते आणि खाच ठेवायचा खर्च फारसा नाही, पण उद्या तेवढाही वाचवावा वाटला तर कोणाला विचारणार नाहीत. फोनच्या हेडफोन जॅकचं तेच झालं, 2016 च्या आयफोन 7 पासून तो जायला लागला, आणि हेडफोनची तीच वायर फोनच्या एफएमला अँटेना म्हणून चालत होती हे जॅक काढताना कोणाच्या मनात आलं नाही.

दुसरी गोष्ट, फाईल, म्हणजे ती कार्डात भरून देणारा कोण. आमच्या भागात चिप भरून देणारे एकदोघं अजून उरलेत, एक तर सायकल दुरुस्तीच्या दुकानात जुना लॅपटॉप घेऊन बसते, त्याच्याकडं गर्दी पोळ्याच्या आधी आणि वेचणी सुरू व्हायच्या टायमाला होते, बाकी दिवस पंक्चर. भाव त्यानं पन्नास केला आहे. त्याच्या पोट्ट्याला हे काम नको आहे, त्याला नागपूरला कुरिअर कंपनीत लागायचं आहे.