जुन्या पिक्चरची नवी डिस्क: हा वाद आला कुठून?

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात ‘शोले’ची दुरुस्त केलेली, न कापलेली प्रत मोठ्या पडद्यावर आली. या प्रतीत ठाकूर गब्बरला जिवंत सोडत नाही. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने हा शेवट बदलायला लावला होता. त्यामुळे थिएटरात लागला तो दुसरा शेवट, ज्यात ऐनवेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात (हात धरून थांबवायची सोय नव्हतीच). पन्नास वर्षांनी मूळ शेवट परत आला म्हणून सगळीकडे बातम्या झळकल्या. ठाण्यातल्या मुरलेल्या पिक्चरवेड्यांना मात्र त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही, कारण त्यांच्यातल्या कित्येकांनी तो घरी बसून कधीच पाहिला होता.

१९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हिडिओ कॅसेटवर तो शेवट होता. पुढे डीव्हीडी आल्या त्याही दोन तऱ्हांच्या. एक २०४ मिनिटांची, मूळ शेवटाची, पण चौकोनी चित्राची. दुसरी १९८ मिनिटांची, रुंद पडद्याची, पण सेन्सॉरच्या शेवटाची. इथे गंमत अशी की ‘शोले’चं चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झालं आणि मग वरखाली कापून ते ७० मिलिमीटरवर मोठं केलं गेलं. म्हणजे चौकोनी प्रत कॅमेऱ्याने टिपलं त्याच्या जवळची, आणि रुंद प्रत मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात लोकांनी पाहिलं त्याच्या जवळची. खरी कोणती? यावर नौपाड्यातल्या एखाद्या दिवाणखान्यात रविवारची अख्खी दुपार जाऊ शकते, आणि जाते.

बाहेरच्याला हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल. त्याच्या मुळाशी प्रश्न मात्र साधा आणि रास्त आहे: ही नवी डिस्क कशावरून काढली? कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ निगेटिव्हवरून, थिएटरात फिरून झिजलेल्या प्रिंटवरून, की वीस वर्षांपूर्वीच्या टेपवरून? आपल्याकडे घरात आलेल्या जुन्या सिनेमांचा इतिहास बहुतांशी या तिसऱ्या उत्तराचा इतिहास आहे.

सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. आपल्या घरांत त्यांचा शिरकाव झाला तो मुख्यतः १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर, रंगीत टीव्हीच्या मागोमाग. ज्यांचं कुणी आखातात होतं त्यांच्याकडे व्हीसीआर सामानातून आला, बाकीच्यांनी तो भाड्याने आणला. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीपुरत्या आणायच्या, सोसायटीत वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तिन्ही पिक्चर संपवायचे. तिसरा सुरू होईपर्यंत निम्मी जनता सतरंजीवर आडवी झालेली असायची.

ठाण्यात स्टेशनजवळ अशोक, प्रभात, जरा पुढे मल्हार, वंदना अशी थिएटरं होती, त्यामुळे कॅसेट म्हणजे थिएटरात पाहिलेल्याची उजळणी असे. नवी मुंबईची गोष्ट वेगळी. वाशीला रेल्वे आली १९९२ मध्ये. त्याआधी सिडकोच्या वसाहतीत राहायला आलेल्यांना मोठ्या पडद्यावर काही पाहायचं तर बसने खाडी ओलांडण्यावाचून फारसा इलाज नव्हता. त्यांच्यासाठी सेक्टरमधल्या मार्केटातली कॅसेट लायब्ररी हेच थिएटर.

‘लायब्ररी’ हे नाव उगाच पडलेलं नाही. शेमारू ही पुढे होम व्हिडिओतली बडी कंपनी झाली, ती १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकांची फिरती लायब्ररी म्हणून सुरू झाली होती. १९७९ मध्ये तिने व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. अनामत, मासिक वर्गणी, उशीर झाला की दंड, हा सगळा रिवाज वाचनालयाचा. १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालवणाऱ्या ठाण्याला तो कुणी शिकवायला नको होता. एकच नियम नवा होता: कॅसेट रिवाइंड करून परत करायची.

या कॅसेट यायच्या कुठून? निर्माते परदेशातले व्हिडिओ हक्क आधी विकत. त्या टेपा दुबईहून, लंडनहून उलट्या पावली मुंबईत येत आणि त्यांच्यावरून नकला निघत. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. सरकारने १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून व्हिडिओ चोरीवरची शिक्षा कडक केली. कॅसेट काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत हे सगळं दाखवणं बंधनकारक झालं. जुने संग्राहक आजही खोका हातात आला की आधी मागची बाजू वाचतात, ते याचमुळे. चोरीची धास्ती इतकी होती की १९९४ मध्ये राजश्रीने ‘हम आपके हैं कौन’ची कॅसेट बाजारात येऊच दिली नाही. लोकांना थिएटरात जावंच लागलं.

कॅसेटचा दुसरा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. खाडीकाठच्या दमट हवेत टेपेला बुरशी धरते. खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून पाहिलं तर गुंडाळलेल्या टेपेच्या काळ्या कडेवर पिठी साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. अशी कॅसेट तशीच लावली की व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड भरतं, आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तीच लागण. मग मागचे स्क्रू काढायचे, रिळं बाहेर घ्यायची, टेप हळूहळू कोरड्या मऊ कापडावरून फिरवायची, हेडला स्पिरिट लावायचं. एका कॅसेटला सहज तासभर जातो. हे करणारी माणसं ठाण्यात अजून आहेत, पण यंत्रं संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली आणि कॅसेट अडगळीत गेली. व्हीसीडीबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं. तीन तासांचा हिंदी पिक्चर म्हणजे तीन डिस्क. खर्च वाचवायला तो दोनांत कोंबायचा तर काहीतरी उडवायला हवं, आणि गाणं उडवणं सगळ्यात सोपं. मूळ माल तोच, कॅसेटसाठी केलेला जुना मास्टर, म्हणजे नकला काढायची मूळ टेप. वेष्टन तेवढं नवं.

डीव्हीडीने खरं तर हे चित्र पालटायला हवं होतं. तिचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट. पण नव्या घागरीत जुनंच पाणी भरलं तर चव कुठून बदलणार? आणि मग मोझर बेअर ही कंपनी या बाजारात उतरली: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. स्टेशनबाहेर पुलाखाली मिळणाऱ्या चोरीच्या डिस्कशी थेट भावात टक्कर. या एका निर्णयाने हजारो घरांत पहिल्यांदा ‘ओरिजिनल’ डिस्क आली, हे मान्यच करायला हवं. पण चौतीस रुपयांत निगेटिव्ह शोधून, धुऊन, नव्याने स्कॅन करण्याचा खर्च निघत नाही. स्वस्ताईने चोरीला चाप बसला असेल, पण जुनी डिस्क म्हणजे अशीच असायची, ही सवयही तिनेच लावली. कोपऱ्यात सतत लुकलुकणारा कंपनीचा शिक्का, पिक्चरआधी न टळणाऱ्या जाहिराती, श्रेयनामावलीच्या मध्येच झालेला शेवट, हे सगळं लोकांनी निमूट चालवून घेतलं. मोझर बेअर कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिचं विसर्जन ठरलं.

मराठी सिनेमाचं दुखणं याहून जुनं. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. अशा सिनेमांच्या काळातली नायट्रेट फिल्म नुसती जुनी होत नाही, ती पेटते. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुने सिनेमे कायमचे गेले. नंतरच्या काळातल्या सिनेमांचं काय? निर्माता कर्जात, निगेटिव्ह लॅबमध्ये, लॅबचं भाडं थकलेलं, व्हिडिओचे हक्क एकाकडे, टीव्हीचे दुसऱ्याकडे. हक्क ज्याच्याकडे त्याच्याकडे फिल्म नाही, फिल्म ज्याच्याकडे त्याला हक्क नाहीत. अशा वेळी डिस्क काढणारा हाताशी असलेली टेप उचलतो. महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (१९९०) मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून गाजला. सिनेमास्कोपचं चित्र उंचीच्या जवळजवळ अडीचपट रुंद असतं, आणि त्या वेळचा टीव्ही ४:३ चा. असा पिक्चर टीव्हीच्या चौकोनात भरायचा तर डावी-उजवी बाजू कापावी लागते. दोन माणसं समोरासमोर बोलत असली की एकाचं नाक आणि दुसऱ्याचा कान एवढंच उरतं.

अपवाद आहेत. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ डिजिटल दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा थिएटरात आला. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाने ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने आपले समांतर सिनेमे दुरुस्त करून डीव्हीडीवर आणले, आणि त्या संचातल्या काही डिस्क आज संग्राहक दुप्पट-तिप्पट भावानेही सोडत नाहीत. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये स्थापलेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘थम्पु’, ‘इशानौ’, ‘मंथन’ हे सिनेमे फ्रान्सच्या कान महोत्सवापर्यंत नेले. ‘शोले’ही त्यांचाच. त्याचं मूळ निगेटिव्ह पार खराब झालेलं होतं. ब्रिटनमधल्या एका गोदामात निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या मधल्या टप्प्याच्या फिल्म सापडल्या, म्हणून काम होऊ शकलं.

आणि सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्हं तर १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळली होती. बोलोन्यातल्या कारागिरांनी ती ठिसूळ झालेली फिल्म पुन्हा मऊ केली, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रती जोडल्या, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने ती ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कवर, काढली. ती डिस्क पाहिल्यावर ठाण्यातल्या मंडळींचे डोळे उघडले, असं म्हटलं तर वावगं नाही. जुना भारतीय सिनेमा मुळात धूसर, ओरखडलेला नव्हता; आपल्यापर्यंत तो तसा पोचला होता.

पण ही डिस्क घेऊन घरी काय करायचं? ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडले आहेत. अमेरिका ए, भारत सी. ए विभागाची कुलूप घातलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीतही भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या. म्हणजे बंगालमध्ये घडलेला सिनेमा बघायला न्यूयॉर्कहून डिस्क मागवायची, कस्टम भरायचं आणि वर सगळे विभाग चालवणारा प्लेअर शोधायचा. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या सुरुवातीला बंद झालं. ठाण्याहून लोकल पकडून सीएसटीला उतरायचं आणि तिथे तासभर डिस्क चाळायच्या, हा शौक तिथेच संपला. आता जे काही येतं ते पार्सलने, एकाने मागवायचं आणि चौघांनी फिरवायचं.

त्यात नवी पिढी आली आहे ती वेगळाच प्रश्न घेऊन. नव्याने काढलेली डिस्क लावली की एखादा मुलगा विचारतो, “काका, हे मेणाच्या पुतळ्यासारखं का दिसतंय?” आणि काका म्हणतात, “दाणा पुसलाय रे त्यांनी.” फिल्मवर चित्र उमटतं तेच बारीक दाण्यांतून. संगणकाने ते दाणे ‘घाण’ समजून पुसले की त्यांच्यासोबत कातडीचा पोत आणि कापडाची वीणही जाते. आवाजाचंही तसंच. एका स्पीकरसाठी केलेल्या जुन्या ध्वनिपट्टीला पाच दिशांचा साज चढवताना घोड्यांच्या टापा नव्याने घालतात आणि मूळ पट्टी डिस्कवर ठेवतच नाहीत. माझं मत विचाराल तर चित्रातली एखादी रेघ चालेल, पण मूळ ध्वनिपट्टी हवीच. रंगांबद्दल तर बोलायलाच नको. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये सबंध रंगीत करून लागला, तेव्हापासून ठाण्यात दोन तट आहेत आणि ते एकमेकांना चहा पाजूनही हटत नाहीत.

पुढे काय, याचं थोडं उत्तर कायद्यात आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं टिकतो. १९५३ चा ‘श्यामची आई’ त्या हिशेबाने २०१३ अखेर मोकळा झाला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून पुस्तकही मोकळं. पण सिनेमाचे दिग्दर्शक आचार्य अत्रे गेले १९६९ मध्ये, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं मोजली तर त्यांच्या लेखणीतून उतरलेल्या संवादांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत जातो. म्हणजे चित्र मोकळं, शब्द नाहीत. शिवाय कायद्याने हक्क संपला म्हणून फिल्मचा डबा कुणी आपल्या हाती आणून देत नाही. तो ज्याच्या कपाटात आहे त्याच्या दारात जाऊन, नव्या स्कॅनचा खर्च कोण करणार हे ठरवून, मगच पुढचं बोलता येतं.