फाउंड फुटेज की संकलित माहितीपट?

देशाच्या इतिहासावरचा चित्रपट, सगळी दृश्यं जुनी, दिग्दर्शकाचा स्वतःचा एकही शॉट नाही. एवढ्यावरून त्याला 'फाउंड फुटेज' म्हणून लोक मोकळे होतात. (त्याच नावानं ओळखले जाणारे भयपट सोडून देऊ, त्यांतलं फुटेज सापडलेलं नसतं, मुद्दाम चित्रित केलेलं असतं.) खरा घोटाळा होतो तो संकलित माहितीपटाशी: तो जुनी दृश्यं पुरावा म्हणून जोडून गोष्ट सांगतो, तर फाउंड फुटेजचा प्रयोगशील चित्रपट त्या दृश्यांचीच तपासणी करतो.

संकलित माहितीपटासाठी सोव्हिएत दिग्दर्शिका एस्फिर शुबनं १९२७ मध्ये रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याच्या अस्तावर केलेला मूकपट घ्या. जहाजावर नाचून घामाघूम झालेले उमराव, लगोलग मातीत राबणारी माणसं. फुटेज झारच्या काळातलं, जोडणी क्रांतीच्या बाजूची. शॉट इथे साक्षीदार असतो. त्याची उलटतपासणी होत नाही.

हारून फारोकी आणि आंद्रेई उजिका यांच्या 'व्हिडिओग्राम्स ऑफ अ रेव्होल्यूशन'मध्ये (१९९२) ती होते. २१ डिसेंबर १९८९, बुखारेस्ट: रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूचं भाषण थेट प्रक्षेपित होत असताना गर्दीत गलका उठतो, चित्र थरथरतं, प्रक्षेपण तुटतं. माहितीपटाचा संकलक तो खराब तुकडा बहुधा छाटून टाकेल. इथे तोच पुन्हा तपासला जातो, कारण सत्ता डळमळल्याची खूण त्या थरथरीतच आहे. अमेरिकन प्रयोगशील दिग्दर्शक ब्रूस कॉनरनं तर १९५८ मध्ये फितीच्या सुरुवातीचे उलट मोजणीचे आकडेही चित्रपटात ठेवले.

संकलनाच्या टेबलावर मात्र चुका दोन्हीकडे सारख्याच. सेकंदाला १६ फ्रेमनं घेतलेली फीत २४ नं चालवली की दीडपट वेग येतो आणि अंत्ययात्रा विनोदी दिसते. दर दुसरी फ्रेम दोनदा घेतली की हिशेब जुळतो, हालचाल किंचित अडखळते एवढंच. पण कॅमेरा हातानं फिरवलेला असेल तर १६ हा आकडाही पक्का नसतो. माणसांच्या चालीवरून ठरवावं. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये कापून भरलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो, बहुतेकदा फलक आणि झेंडे असलेला. मूक दृश्यांवर गोळीबाराचा आवाज चढवणं म्हणजे तर नवा पुरावा रचणंच.

ओरखड्यांबाबत वाटा वेगळ्या होतात. माहितीपट ते पुसतो. प्रयोगशील चित्रपटानं पुसू नयेत: लांबलचक उभे ओरखडे बहुधा प्रोजेक्टरमधून वारंवार फिरल्याचे असतात, म्हणजे देशानं काय पुन्हापुन्हा पाहिलं याची ती नोंदच. संगणकावरून खोटे ओरखडे टाकणं त्याहून वाईट.

आणि अभिलेखागारातून निवडलेला तुकडा नको, अख्खं रीळ मागवा. नेता भाषणाआधी इशाऱ्याची वाट पाहत ताटकळतो ते सेकंद त्यातच मिळतात.