वेंगुर्ला रॉक्स : सागरी पक्ष्यांच्या वसाहतीची भेट

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यापासून पश्चिम-वायव्येला सुमारे ९ सागरी मैलांवर भर समुद्रात असलेला खडकांचा समूह. जुन्या इंग्रजी नकाशांत याला बर्न्ट आयलंड्स म्हटले आहे. निवतीच्या किनाऱ्यावरून तो समोर दिसतो, म्हणून त्या भागात निवती रॉक हे नावही रूढ आहे. लहानमोठे मिळून विसेक खडक, त्यांतले सहा-सात बऱ्यापैकी मोठे, आणि त्यांच्यावर एक दीपगृह. गोड्या पाण्याचा थेंब नाही, वस्ती नाही. कोकणात सागरी पक्ष्यांनी वीण करावी अशा जागा फार थोड्या आहेत. वेंगुर्ला रॉक्स त्यांतली सर्वांत मोलाची.

होडी जवळ जाऊ लागली की काही खडकांचे माथे चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात. ती पक्ष्यांची विष्ठा. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी तिथे बसत आल्याची याहून ठळक खूण नाही.

वीण करणाऱ्यांत मुख्य आहेत ते सुरय, म्हणजे इंग्रजीतले टर्न. पाठ गडद, पोट पांढरे आणि डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी भुवई असलेला ब्रायडल्ड टर्न हा त्यांतला खास. वर्षाचा मोठा काळ तो उघड्या समुद्रावर काढतो. तरंगत्या ओंडक्यावर, क्वचित कासवाच्या पाठीवरही तो विसाव्याला बसलेला दिसतो. जमिनीची गरज त्याला फक्त विणीपुरती. उन्हाळा सरता सरता तो खडकांवर येतो आणि पावसाळ्यात पिल्लू वाढवतो. घरटे असे नाहीच. कपारीत, दगडाच्या आडोशाला एकच अंडे. ते मातकट, त्यावर तपकिरी ठिपके; खडकाच्या रंगात इतके मिसळलेले की हातभर अंतरावरूनही पटकन नजरेस पडत नाही. महिनाभर उबवणी, मग पिल्लू उडायला लागेपर्यंत साधारण दोन महिने. त्या हंगामात दुसरी संधी सहसा मिळत नाही. तुरेवाला मोठा सुरयही या खडकांवर वीण करतो, पण त्याची तऱ्हा वेगळी: उघड्या माथ्यावर, शेजाऱ्याच्या चोचीच्या टप्प्याबाहेर जेमतेम राहील इतकी दाटी करून.

दुसरा रहिवासी म्हणजे भारतीय पाकोळी (इंडियन स्विफ्टलेट). खडकांतल्या गुहेत, भिंतीला चिकटवलेली तिची घरटी असतात. अर्ध्या बशीएवढी ही घरटी ती स्वतःच्या लाळेने बांधते. लाळ वाळून घट्ट होते, तिच्यात पिसे आणि काड्याकुड्या अडकलेल्या असतात. गुहेच्या अंधारात ही पाकोळी वटवाघळासारखी आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. फरक इतकाच की वटवाघळांचे बहुतेक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, हिचे येतात: नखाने कंगव्याचे दात भराभर ओढावेत तशी कटकट. गुहेच्या तोंडाशी होडी थांबवून इंजिन बंद केले, तर लाटेच्या दोन फटक्यांच्या मधे ती कानावर येऊ शकते.

हीच घरटी तिच्या जिवावर उठली. लाळेच्या घरट्यांचे सूप पूर्व आशियात मोठ्या किमतीला विकले जाते आणि त्या व्यापाराचा हात या गुहांपर्यंतही पोहोचला होता. घरटे खरवडून नेले की पाकोळी पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधते, तेही गेले तर तिसरे. दर वेळी बांधणी कमकुवत होत जाते आणि अंडी घालायचे दिवस निघून जातात. चोरणाऱ्याला अंडी नकोच असतात. ती खाली फेकली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरट्यांच्या या चोरीचा प्रश्न लावून धरला आणि पाकोळ्यांच्या संरक्षणाचे काम केले. कोकणातल्या निसर्गरक्षणात हे काम कासवांच्या संरक्षणाइतके गाजले नाही, पण त्याचे मोल तितकेच आहे.

या खडकांची नोंद जुनी आहे. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५ च्या फेब्रुवारीत इथे येऊन गेले. हंगाम नव्हता, पण मागच्या विणीच्या खुणा त्यांना खडकावर सापडल्या. पुढे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलाली यांनी इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० मध्ये लिहिले. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या स्थळांच्या यादीत बर्न्ट आयलंड या नावाने या जागेचा समावेश आहे. मात्र अशी यादी म्हणजे अभयारण्य नव्हे, हा फरक लक्षात घ्यायला हवा. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले.  ते सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचे आहे. वेंगुर्ला रॉक्स त्याच्या हद्दीत येत नाहीत. मालवणच्या मच्छीमारांनी त्या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला, कारण ज्या पाण्यावर पोट त्या पाण्यातच मज्जाव होईल ही धास्ती. ती खोटी म्हणून झटकता येणार नाही. पक्ष्यांना अपाय न होऊ देता मासेमारी कशी चालावी हे त्या लोकांना बाजूला ठेवून ठरवले, तर ते टिकणार नाही.

हद्दीबाहेर असले तरी हे पक्षी उघड्यावर सोडलेले नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती ठेवलेली नाही. पक्ष्यांची अंडी फोडणे, इतकेच नव्हे तर अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही कायद्याच्या लेखी शिकारच आहे. फोटोसाठी वसाहतीत पाय टाकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

म्हणून या जागेला भेट म्हणजे होडीतून भेट, खडकावर उतरणे नव्हे. माणूस चढला की सगळी वसाहत एकदम हवेत उठते, डोक्यावर कल्लोळ करते. पाहणाऱ्याला ते दृश्य भव्य वाटते. खाली मात्र अंडी उघडी पडलेली असतात. उघडीप असेल तर काळा खडक तव्यासारखा तापलेला असतो, आणि त्या उन्हात अंडे निकामी व्हायला फार वेळ लागत नाही. पाऊस असेल तर ते गारठते. एरवी सुरय अंड्यावर नुसता बसत नाही, भर दुपारी पंख जरा सैल सोडून सावली धरून उभा राहतो. त्याला उठवले की ती सावली गेली. दाटीने वीण करणाऱ्यांत तर घाबरलेली पिल्ले सैरावैरा धावतात आणि परक्याच्या हद्दीत शिरून चोची खातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले समुद्रात जाताना लोक दोरीमागे उभे राहून पाहतात आणि त्यातून गावाचे आणि कासवाचे दोघांचे भले होते. तोच नमुना इथे उचलून आणता येत नाही. इथे दोरी लावायलाच जागा नाही, पहिले पाऊल अंड्यांच्या शेजारीच पडते.

होड्या निवती, भोगवे आणि मालवणच्या बाजूने मिळतात. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पहाटेच निघायला सांगतो, त्यामागे कारण आहे. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी बरेच शांत. दुपार कलली की खारा वारा उठतो आणि खडकांभोवती लाट फुटू लागते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा. तेव्हा सुरयांची वसाहत रिकामी असते, पण उत्तरेकडून आलेले कुरव (गल) किनारपट्टीवर असतात, वाटेत डॉल्फिन दिसतात आणि समुद्री गरुडाची गाठ पडण्याचीही शक्यता चांगली. पांढऱ्या पोटाचा हा गरुड किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर घरटे करतो. त्या झाडाखालीही गर्दी नको. सुरयांच्या विणीच्या काळात पावसाळी समुद्र बहुतांशी स्वतःच वाट अडवतो. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही बंद असते. धोका उरतो तो मेच्या अखेरच्या दिवसांचा, जेव्हा पर्यटकांची सुटी आणि पक्ष्यांचे आगमन एकमेकांवर येते. त्या दिवसांत दुर्बीण घेऊन लांबून पाहावे, खडकांना वेढा घालू नये, भोंगा आणि ड्रोन नको. गुहेत शिरणे तर कुठल्याच महिन्यात नको.

गुलदार ही निवृत्त युद्धनौका याच परिसरात समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे पर्यटन उभे करण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. होड्या वाढतील हे उघड आहे. त्यांच्या मार्गाची आखणी विणीचे खडक डोळ्यांसमोर ठेवून व्हायला हवी.

पावसाळ्यात मात्र हे पक्षी कधीकधी स्वतःच माणसाच्या दारी येतात. जून-जुलैच्या वादळी वाऱ्यात थकलेला सुरय, क्वचित एखादा बूबी हा मोठा सागरी पक्षी, पुळणीवर पडलेला सापडतो. बहुधा पंख मोडलेला नसतो, तो नुसता दमलेला असतो. त्याला परत लाटेत भिरकावू नये, चोच उघडून पाणी किंवा मासा कोंबू नये. हवेला भोके पाडलेल्या खोक्यात कोरडा कपडा घालून, अंधारात, कुत्र्या-कावळ्यांपासून दूर ठेवावा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.