पार्श्वभूमी: ‘मानांकन’ या एका शब्दाचा गुंता

बुद्धिबळ खेळणारा इंदूरच्या रामबागेतला किंवा सुदामा नगरातला एखादा मुलगा ‘माझं रेटिंग (खेळाची ताकद मोजणारा आकडा) सतराशे’ असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने तीन गोष्टी विचारायला हव्यात: कुठलं, किती मिनिटांच्या डावाचं आणि कधीचं? उत्तरांप्रमाणे समोरचा मुलगा नुकता शिकलेला निघू शकतो किंवा शहरातल्या स्पर्धेत पहिल्या टेबलाजवळ बसणारा निघू शकतो. इंदूरच्या मराठी घरांतून ऑनलाइन गट करून खेळणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वाद ओपनिंगवरून (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींवरून) होत नाहीत, या आकड्यावरून होतात. त्याचं मूळ अर्धं गणितात आहे आणि अर्धं भाषेत.

भाषेचा भाग आधी उरकू. मराठी वर्तमानपत्रं ‘मानांकन’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. ‘स्पर्धेत दुसरे मानांकन’ म्हणजे स्पर्धा सुरू होण्याआधी लावलेल्या यादीतला दुसरा क्रमांक. ‘आंतरराष्ट्रीय मानांकन स्पर्धा’ म्हणजे जिचे निकाल जागतिक रेटिंगसाठी धरले जातात ती. पहिल्या अर्थाने मानांकन प्रत्येक स्पर्धेत बदलतं. दुसऱ्या अर्थाने ती खेळाडूबरोबर फिरणारी संख्या आहे. तिसरा शब्द ‘क्रमवारी’. तो खरं तर त्या संख्येवरून काढलेल्या जागेचा, पण बातमीत तोही संख्येसाठी येतो. इंदुरात यात हिंदीतल्या ‘वरीयता’ची भर पडते. तिथे तो शब्द पहिल्या अर्थाचा आहे, पण मराठीत आणताना त्याचंही ‘मानांकन’च होतं. ‘मुलाला पाचवं मानांकन मिळालं’ ही बातमी घरी अभिमानाने वाचली जाते आणि स्पर्धा अजून सुरूच व्हायची असते. या गोंधळामुळे पुढे संख्येसाठी ‘रेटिंग’ हाच शब्द ठेवला आहे.

जुना इतिहास थोडक्यात. देशी पद्धतीच्या डावात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नव्हतं आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. त्या खेळात रेटिंग नव्हतं. कोण कोणाला हरवतो हे गल्लीला ठाऊक असे. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय नियम रुळले. आकडेमोडीची आजची पद्धत अमेरिकेत १९६० मध्ये आली आणि जागतिक संघटनेने (फिडे) ती १९७० मध्ये स्वीकारली.

त्या पद्धतीचा गाभा सोपा आहे. दोन खेळाडूंच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा, त्या प्रमाणात गुण वाढवायचे किंवा कापायचे. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून १०० डावांत (विजयाला १, बरोबरीला अर्धा गुण धरून) ७६ गुणांची अपेक्षा असते, ४०० असेल तर ९२ ची. किती वेगाने बदल करायचा हे एका गुणकावर ठरतं. नव्या खेळाडूला आणि २३०० च्या खालच्या, अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना तो ४०, इतर बहुतेकांना २०, तर एकदा २४०० गाठलेल्यांना १०. गुणक २० असलेला १५०० चा खेळाडू १७०० वाल्याला हरवतो तेव्हा साधारण १५ गुण मिळवतो. हरला तर पाचच गमावतो. म्हणून स्पर्धेत वरच्याशी खेळायला घाबरणं गणिताच्या दृष्टीने निरर्थक आहे.

इंटरनेटवरच्या खेळाची सुरुवात १९९२ च्या एका सर्व्हरवर झाली. तेव्हा पडद्यावर पट नसे, अक्षरं असत. १९९५ मध्ये त्या सर्व्हरचं सशुल्क आणि मोफत असं विभाजन झालं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. पण डायल-अपवर तीन मिनिटांचा डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा टेलिफोनच्या तारेशीच झुंज. आज आपले बहुतेक गट ज्या दोन संकेतस्थळांवर खेळतात, त्यांतलं एक (चेस.कॉम) २००७ चं आणि पूर्ण मोफत असलेलं दुसरं (लिचेस) २०१० चं. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि खेळ खिशात आला.

या संकेतस्थळांनी जुनी पद्धत तशीच घेतली नाही. त्यांची पद्धत आकड्याबरोबर त्याची खात्रीही मोजते. मोफत संकेतस्थळावर प्रत्येक जण १५०० पासून सुरू होतो, पण सुरुवातीची अनिश्चितता ५०० ची असते, म्हणून पहिल्या काही डावांत आकडा शंभर-शंभरने उड्या मारतो. अनिश्चितता ११० च्या वर असेपर्यंत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह राहतं. बरेच दिवस खेळलं नाही तर अनिश्चितता पुन्हा वाढते आणि प्रश्नचिन्ह परत येतं. चेस.कॉमवर नवखा स्वतःची पातळी निवडून याच्या बऱ्याच खालूनही सुरुवात करू शकतो. त्यामुळे मधल्या पातळीवर तोच खेळाडू मोफत संकेतस्थळावर साधारण दोनशे-तीनशे गुणांनी वर दिसतो; खाली हा फरक वाढतो, वर जाताना आटत जातो. सिरपूर तलावातल्या काठीच्या खुणेवरून यशवंत सागरातलं पाणी सांगता येत नाही, तसंच हे. प्रत्येक आकडा त्या त्या पाण्याच्या पातळीवर मोजलेला असतो. हा आकडा त्या आकड्यात बदलून देणारे जे तक्ते फिरतात ते सरासरीसाठी ठीक आहेत. एका मुलाच्या बाबतीत शंभर-दीडशेची चूक सहज होते.

एका संकेतस्थळावरही आकडा एक नाही. बुलेट, ब्लिट्झ, रॅपिड (अतिजलद ते जरा सावकाश डाव) आणि कोड्यांचा असे सगळे निराळे. कोड्यांचा आकडा बहुतेकांचा डावाच्या आकड्याहून कितीतरी वर असतो, कारण तिथे ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच सांगितलेलं असतं. ‘सतराशे’ म्हणणारा पुष्कळदा हाच आकडा सांगत असतो.

वेळेच्या नावांतही मेळ नाही. जागतिक संघटना मूळ वेळेत ६० चालींची वाढीव वेळ मिळवून वर्ग ठरवते: १० मिनिटं किंवा कमी म्हणजे ब्लिट्झ, १० च्या वर आणि ६० च्या आत रॅपिड. संकेतस्थळं ४० चाली धरतात. ८ मिनिटं आणि दर चालीला २ सेकंद हा डाव संघटनेच्या हिशेबाने बरोबर १० मिनिटांचा, म्हणून ब्लिट्झ. मोफत संकेतस्थळावर तोच ९ मिनिटं २० सेकंदांचा, आणि तिथे रॅपिड ८ मिनिटांपासून सुरू होतो, म्हणून रॅपिड. ३० मिनिटं अधिक २० सेकंद हा डाव तिथे क्लासिकल ठरतो, संघटनेकडे रॅपिडच राहतो. पालकांच्या गटात ‘क्लासिकलमध्ये १८००’ असा फोटो आला की कौतुक करण्याआधी हे आठवावं.

मार्च २०२० ची टाळेबंदी हा या सगळ्यातला खरा वळणबिंदू. बुद्धिबळाचे वर्ग बंद पडले आणि पटावरच्या सगळ्या जोड्या पडद्यावर गेल्या. त्याच वर्षी ३० ऑगस्टला ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत दोन भारतीय खेळाडूंचा संपर्क तुटून डाव गेले आणि भारत व रशिया यांना संयुक्त सुवर्ण दिलं गेलं. गटांनी त्यातून एक धडा लगेच उचलला: वायफाय चालू असलं तरी दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवायचा. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी सेटिंगमध्ये चालीची खातरजमा चालू आणि आगाऊ चाल (प्रतिस्पर्धी खेळण्याआधीच ठरवून ठेवलेली) बंद ठेवावी. बोट घसरून वजीर जाण्याचे प्रकार तेवढ्याने कमी होतात.

गटाने काय खेळावं यावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. अरिना प्रकारात (ठरलेल्या वेळेत डाव संपला की लगेच पुढची जोडी) जिंकल्याला २ गुण, सलग दोन जिंकले की पुढचा विजय दुप्पट. मजा भरपूर, पण हरलेला डाव लढवण्यापेक्षा सोडून पुढची जोडी मिळवणं फायद्याचं, त्यामुळे बचाव कोणी शिकत नाही. सुधारणेसाठी स्विस पद्धतीच्या (दर फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी) १५+१० च्या, म्हणजे १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंदांच्या, फेऱ्या बऱ्या. ६० चालींचा डाव म्हणजे प्रत्येकी २५, दोघांची मिळून ५० मिनिटं. पाच फेऱ्या एका रात्रीत बसत नाहीत, दोन बसतात: नवाला सुरू, अकराच्या आत संपलं. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात त्यानंतरही जागा मिळते.

आता तो मुद्दा जिथे गटाचा हिशेब आणि जगाचा हिशेब एकाच ठिकाणी अडकतात. बरेच गट स्वतःचं रेटिंग तक्त्यात ठेवतात. समजा १२ जण, सगळे १२०० वर, सगळ्यांना गुणक ३२. बरोबरीच्या दोघांत जिंकणाऱ्याला १६ मिळतात, हरणाऱ्याचे १६ जातात. बेरीज नेहमी १४,४०० च राहते. म्हणजे सहा महिन्यांत बाराही जण सुधारले तरी सरासरी १२०० च दिसणार! बंद गटातलं रेटिंग कोण पुढे आहे हे दाखवतं, गट पुढे गेला का हे दाखवूच शकत नाही. त्यातून एक मुलगा १५०० वर चढून शिक्षणासाठी पुण्याला गेला, तर जाताना इतरांकडून घेतलेले ३०० गुण घेऊन जातो. उरलेल्या ११ जणांची सरासरी ११७३ होते, कोणाचाही खेळ न बिघडता.

जागतिक यादीत नेमकी हीच गळती झाली. यादीत येण्याची किमान मर्यादा एकेकाळी २२०० होती. ती उतरत उतरत २०१२ पर्यंत १००० झाली. त्यामुळे सात-आठ वर्षांची मुलं १०००-११०० वर यादीत शिरू लागली आणि त्यांचा खेळ आकड्याच्या कितीतरी पुढे धावू लागला. टाळेबंदीत तर ती वर्ष-दीड वर्ष रोज ऑनलाइन खेळली आणि पटावरचा आकडा तिथेच गोठून राहिला. १६०० चा एखादा नोकरदार गृहस्थ कागदावर १२०० असलेल्या, पण ताकदीने त्याच्या बरोबरीच्या मुलाशी बसला की अपेक्षा ०.९२ ची आणि प्रत्यक्ष सरासरी ०.५० ची. गुणक २० ने दर डावाला ८.४ गुण जातात. नऊ फेऱ्यांत असे चार भेटले की जवळपास ३४ गुण गेले. मुलाचा गुणक ४० असल्याने त्याची भरपाई लवकर होते, गृहस्थाची होत नाही.

१ मार्च २०२४ ला संघटनेने यावर उपाय केला आणि अजून त्यावर भांडण आहे. किमान मर्यादा १४०० झाली. २००० च्या खालच्यांना एकदाच वाढ मिळाली: २००० मधून जुनं रेटिंग वजा करायचं आणि येईल त्याच्या ४० टक्के मिळवायचे. १००० चे १४०० झाले, १५०० चे १७००, १८०० चे १८८०, १९५० चे १९७०. वर्षानुवर्षं घाम गाळून १९५० केलेल्याला २० गुण आणि कालच्या १००० वाल्याला ४००, ही तक्रार कानाला रास्त वाटते. पण चूक खालीच साचली होती, मग दुरुस्तीही खालीच व्हायला हवी होती. वरच्या उदाहरणातले १६०० आणि १२०० आता १७६० आणि १५२० झाले. फरक ४०० वरून २४० वर आला, अपेक्षा ०.९२ वरून ०.८० वर, आणि दर डावाचं नुकसान ८.४ वरून ६ वर. गळती थांबली नाही, कमी झाली. संघटनेने हे असं आकड्यांत समजावलं असतं तर अर्धा आरडाओरडा झाला नसता.

नव्यांच्या नोंदणीचा नियमही बदलला. रेटिंग असलेल्यांशी किमान पाच डाव लागतात, आणि हिशेबात १८०० वाल्यांशी दोन काल्पनिक बरोबऱ्या मिळवल्या जातात. सरासरी १५०० च्या पाच जणांविरुद्ध एक गुण मिळवलेल्याची कामगिरी पूर्वी १२६० आली असती. आता १४२८ येते, म्हणजे तो यादीत बसतो. त्याच्या तेवढ्याच गुणांत प्रतिस्पर्धी शंभराने कमी असले तर बसत नाही. पाच डाव झाले तरी मुलाचं नाव का आलं नाही, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

आकड्याचा एवढा भरवसा नसेल तर गटाने सुधारणा मोजायची कशी? डाव संपल्यावर दोघांनी एंजिन (चाली तपासणारा संगणकी प्रोग्राम) न लावता पंधरा मिनिटं बसावं, तीन जागा निवडाव्यात आणि तिथे काय विचार केला होता ते लिहावं. मग एंजिन लावून एंजिनच्या मोजणीत दोन प्याद्यांच्या किमतीहून मोठी घसरण झालेल्या चालीच तेवढ्या पाहाव्यात. बारीक फरकांत शिकण्यासारखं फार नसतं. संकेतस्थळ प्रत्येक चालीची वेळ जपून ठेवतं, तीही बघावी. १५+१० चा हरलेला डाव संपताना घड्याळात आठ मिनिटं शिल्लक असतील, तर दोष भरभर खेळण्यात आहे, ओपनिंगचं पुस्तक आणण्याची घाई नको. दर दहा डावांमागे अशा मोठ्या चुका किती आणि उरलेली वेळ किती, हे दोन आकडे गटाच्या तक्त्यात ठेवले तर बेरीज कायम राहण्याची अडचण येत नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. एंजिन वापरून फसवणाऱ्याचं खातं बंद झालं की त्याच्याशी हरलेल्यांचे गुण परत दिले जातात, त्यामुळे एखाद्या सकाळी न खेळताच ऑनलाइन आकडा वर गेलेला दिसतो. जुन्या प्रमाणपत्रांचा घोळ वेगळा आहे. मार्च २०२४ ची यादी आणि त्याआधीचा कागद पडताळायचा असेल तर नव्या आकड्यातून ८०० वजा करून ०.६ ने भागावं: १७०० चे १५०० येतात. हा उलटा हिशेब त्या एका यादीपुरताच. त्यानंतर खेळलेला एक डावही तो बिघडवतो.