शेवटच्या बाकावरचं सेरोटोनिन

"याच्या डोक्यातच नाही शिकणं." कारखान्यांची धुराडी पेटली की सातारा-सांगलीकडच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य ठरलेलं. बीडकडच्या टोळ्या उसाच्या फडात उतरतात. त्यांच्यातली काही पोरं दिवाळीनंतर इथल्या नववीत येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि एक दिवस दिसेनाशी होतात. दोन-तीन विषयांत सारखी आपटणारी गावातली पोरंही त्याच बाकावर. शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वयाचा, नववीतल्या पोराला तो धरून ठेवत नाही. मी विज्ञान शिकवायचो आणि हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. पण शिकणं थांबतं कशाने, हे बघायला एका जुन्या प्रयोगापासून सुरुवात करायला हवी.

१९६७ साली सेलिगमन आणि मायर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला (आज वाचताना अंगावर काटा येतो). पहिल्या गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याने फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तितकेच झटके, तितकाच वेळ. मात्र त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. तिसऱ्याला झटकेच नाहीत. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे अडसरावरून उडी मारली की सुटका. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री झटके सोसत बसून राहिली. त्रास पहिल्या दोन्ही गटांना सारखाच होता, फरक होता तो फक्त ताब्याचा. यावरून निष्कर्ष निघाला की प्राणी हतबलता 'शिकतो'.

पुढे उंदरांच्या मेंदूत डोकावल्यावर ही गोष्ट उलटी निघाली आणि २०१६ साली त्याच दोघांनी ते लिहून कबूल केलं. त्रास लांबला की हातपाय गाळणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा पुंजका असतो. लांबलेल्या त्रासात तो सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा मारा करतो, त्याने भीती वाढते आणि धडपड थंडावते. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: 'माझ्या करण्याने फरक पडतो.' कपाळामागच्या भागाला, म्हणजे मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, हे उमगलं की तो खालच्या पुंजक्याला लगाम घालतो. हा लगामही सरळ नाही. वरून आलेला संदेश आधी राफेतल्याच गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या पेशींना जागं करतो आणि त्या शेजारच्या सेरोटोनिन पेशींना गप्प करतात. २००५च्या एका प्रयोगात उंदरासमोर चाक होतं, ते फिरवलं की झटका थांबे. औषधाने कपाळामागचा भाग तेवढ्यापुरता बंद केला. उंदीर चाक फिरवत राहिला, झटके थांबत राहिले, तरीही नंतर तो हतबलासारखाच वागला. सुटका झाली होती, पण ती आपण केली हे मेंदूत नोंदलंच गेलं नव्हतं.

हा राफे बराचसा मध्यमेंदूत, म्हणजे मिडब्रेनमध्येच असतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे क्लासवाले पालकांकडून हजारो रुपये घेतात. त्यांनी नेमकं काय चेतवायचं ठरवलंय, हे एकदा विचारायला हवं.

उंदरावरून माणसावर उडी जपूनच मारावी. तरी कृपागुण देऊन पुढे ढकललेला मुलगा मला त्या कुत्र्यांच्या दुसऱ्या गटातला वाटतो. झटका थांबला, पण त्याच्या हाताने नाही. म्हणून मी एका ऊसतोड मजुराच्या मुलाला नववीचं पुस्तक मिटायला सांगितलं आणि टोळीचा हिशेब मांडायला दिला: किती टन, काय दर, मुकादमाची उचल किती फिटली. रोज पाचच गणितं, उत्तर त्यानेच ताडून बघायचं, चूक त्यानेच शोधायची. मी शाबासकीही देत नव्हतो. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "सर, आज आठ द्या." टक्केवारी तिथूनच सुरू केली, मग समीकरणं.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी परतली. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होती. तो इथे थांबून ती देऊ शकेल का, असं मी शाळेत विचारलं, तर राहायची सोय कुठली, असा उलटा प्रश्न आला. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरुवातीपासून वसतिगृहांवर का भर दिला, ते मला त्या दिवशी नीट कळलं.